जेवण खारट निघालं तर? बीपी असलेल्या आईला घेऊन कोकणात फिरताना शिकलेलं सगळं

पुण्याहून तारकर्लीला निघालो होतो. आई, बाबा, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि मी. कोल्हापूरच्या अलीकडे हायवेवर जेवायला थांबलो. पहिला घोट घेतला आणि मी बायकोकडे बघितलं, तिने माझ्याकडे. पांढरा रस्सा तोंडात धरवत नव्हता, इतका खारट. मी वाटी बाजूला सारली. आईने मात्र ती संपवली, वर तांबडाही संपवला. ताटात काही टाकायचं नाही, हे तिच्या हाडामांसात भिनलेलं आहे.

आईला बारा वर्षं बीपी आहे. संध्याकाळी मालवणात उतरलो तेव्हा तिच्या पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचे खोल वळ उमटले होते आणि बोटातली अंगठी फिरत नव्हती. रात्री यंत्राने १६८/९४ दाखवलं. आठ-नऊ तास गाडीत पाय खाली सोडून बसल्यानेही सूज येते, सगळा दोष त्या रश्श्याचा नव्हता. पण घरी मोजूनमापून मीठ खाणाऱ्या बाईच्या पोटात एका दुपारी किती मीठ गेलं असेल, याचा हिशोब मी त्या रात्री पहिल्यांदा मांडला. तेव्हापासून सहलीला निघताना या एका गोष्टीची तयारी मी हॉटेलच्या बुकिंगइतकीच मन लावून करतो. ती कशी, ते इथे क्रमाने लिहितो.

आधी माप डोळ्यांसमोर आणा

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही ५ ग्रॅमचीच मर्यादा घालते. ५ ग्रॅम म्हणजे बारीक मिठाचा साधारण एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात भाजी, आमटी, भात, पापड, लोणचं, बिस्किट, पाव हे सगळं आलं.

पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणा. फरसाणाच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर त्यात २ ग्रॅम मीठ आहे. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, हे मात्र नीट वाचा. गाडीत मधे ठेवलेलं पाकीट बोलता बोलता संपतं आणि दिवसाचं निम्मं मीठ घाट उतरायच्या आधीच पोटात गेलेलं असतं.

मिठाचं वय ओळखा

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ही आहे. हॉटेलातलं जेवण समोर आलं की मी मनात एकच प्रश्न विचारतो: यातलं मीठ कधी पडलंय? महिन्यांपूर्वी, सकाळी, की आत्ता? उत्तर मिळालं की काय करता येईल तेही कळतं.

जुनं मीठ म्हणजे टिकवण्यासाठी घातलेलं. लोणचं, पापड, सांडगी मिरची, सुकट, सुके बोंबील, खारवलेली आंबोशी, कोकमाचं आगळ, बाटलीतले सॉस, चीज, फरसाण. गोव्यात गेलात तर पोर्तुगीज वळणाची डुकराच्या मांसाची सॉसेजेस आणि कोळंबीचा बलचाव. यातलं मीठ कोणताही आचारी कमी करू शकत नाही. त्याला विनंती करून उपयोग नाही, आपण हात आवरायचा. इथे सोलकढीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण कोकणात आपण ती औषधासारखी समजून वाटीवर वाटी पितो. आगळ हे कोकमाच्या रसात मीठ घालून टिकवलेलं असतं. त्याची सोलकढी केली की वरून चिमूटही न घालता ती खारट होऊ शकते. आमसुलं भिजवून केली तर मीठ बरंच हातात राहतं, जरी आमसुलांनाही थोडंफार मीठ लावलेलं असतं. म्हणून 'सोलकढी आगळाची की सोलांची?' हा प्रश्न मी आता न चुकता विचारतो. कोकणातल्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटत नाही, उलट त्याला तो आवडतो.

सकाळचं मीठ म्हणजे मोठ्या पातेल्यातलं. कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही, रस्सा, सांबार, शिजवून ठेवलेली डाळ, मसाला लावून ठेवलेले मासे, मुरवत ठेवलेली कोंबडी, डोशाचं पीठ. इथे खरी गडबड होते, आणि ती आचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळेच होते असं नाही. समजा सकाळी दहा लिटर रश्श्यात १०० ग्रॅम मीठ घातलं. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत दीड ग्रॅम मीठ आलं. आता ते पातेलं दुपारभर मंद आचेवर उकळतंय. पाणी उडतं, मीठ उडत नाही. रस्सा आठ लिटरवर आला की त्याच वाटीत जवळपास १.९ ग्रॅम मीठ येतं. दोन वाट्या झाल्या की दिवसाच्या पाऊण मिठाची वाट लागली, भात-भाकरी-मासा अजून बाजूलाच. त्यात मधे पाळी बदलली आणि दुसऱ्याने चव न बघता पुन्हा मुठीने घातलं, की संपलं. आम्ही त्या ढाब्यावर साडेतीन वाजता पोहोचलो होतो. आता शक्यतो साडेबारा-एकलाच जेवतो. पातेलं ताजं असतं, आटलेलं नसतं, आणि आचाऱ्याला आपलं ऐकायलाही वेळ असतो.

आणि आत्ताचं मीठ म्हणजे ऑर्डर दिल्यावर कढईत पडणारं. आम्लेट, भुर्जी, भेंडी, बटाट्याच्या काचऱ्या, पिठलं, डाळीची फोडणी, ताजा तळलेला मासा. बीपीच्या माणसासाठी ऑर्डर इथूनच द्यायची. 'दाल तडका कमी मिठाचा' म्हणून फारसं साधत नाही, कारण बहुतेक ठिकाणी डाळ शिजतानाच मीठ-हळद पडलेली असते. 'पिठलं कमी मिठाचं' म्हटलं तर खरंच कमी मिठाचं येतं.

खडे मीठ आणि बारीक मीठ यांच्या चमच्यातही फरक असतो, हेही लक्षात ठेवा. खड्यांमध्ये पोकळी राहते, म्हणून तेवढ्याच चमच्यात बारीक मीठ वजनाने जास्त बसतं. खडे मिठाचा हात बसलेल्या माणसाने बारीक मीठ वापरलं की पदार्थ खारट होतो.

निघण्याआधी

घरात बीपी, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेलं कोणी असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. एक गोष्ट तर नक्की विचारा, कारण ती कोणी आपणहून सांगत नाही. अनेक ज्येष्ठ मंडळींना सूज कमी करणारी, लघवी वाढवणारी गोळी असते. प्रवासात स्वच्छतागृहं धड नसतात, म्हणून बायका ती गोळी गुपचूप टाळतात. आईनेही त्या दिवशी टाळली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. वर खारट रस्सा. गोळी चुकवायची नाही, पण प्रवासाच्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यायची हे डॉक्टर ठरवून देऊ शकतात. आमच्या डॉक्टरांनी दिलं.

बीपीचं यंत्र बरोबर घ्या, जादा सेलसकट. घरून निघण्याआधी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवा, म्हणजे तिकडचा आकडा कशाशी ताडायचा ते कळेल.

खाण्याचं म्हणाल तर भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे, साळीच्या लाह्या, राजगिऱ्याच्या वड्या, नाचणीचे लाडू, केळी, चार-पाच लिंबं. छोटी विजेची किटली असेल तर अंडी, बटाटा, रताळं उकडता येतं. एखाद्या रात्री सगळ्यांचं हॉटेलात आणि आईचं रताळं-दूध, असं आम्ही दोनदा केलं आणि तिला ते मनापासून आवडलं.

सैंधव बरोबर नेऊन फायदा नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, साध्या मिठाइतकंच. 'कमी सोडियमचं' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये, रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं.

सांगायचं केव्हा आणि कसं

देवबागला आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकी स्वतः रांधायच्या. पहिल्या दिवशी जेवायला बसल्यावर मी म्हटलं, "काकी, आईला बीपी आहे, तिचं जरा कमी मिठाचं करता येईल का?" त्यांनी हातातली पळी तशीच धरून माझ्याकडे बघितलं. "माका आदी सांगूक होया होता," एवढंच म्हणाल्या. रागाने नाही, हळहळून. मासे सकाळीच मीठ-मसाला लावून ठेवले होते, कालवण तयार होतं, आता त्या काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळीच सांगितलं. साडेदहाला मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. काकींनी परातीत सुरमईच्या तुकड्या मांडल्या, त्यातल्या दोन उचलून स्टीलच्या वाटीत ठेवल्या आणि वर झाकण टाकलं. मग परातीतल्या तुकड्यांना मीठ, आगळ आणि मसाला चोळला. हात धुतले. झाकण काढून त्या दोन तुकड्यांना हळद, तिखट, आलं-लसूण आणि आगळाऐवजी अर्धं लिंबू लावलं. मिठाची एकच चिमूट. कालवणाचं वाटण कढलं तसं मीठ घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढली आणि त्यात दोन सोलं टाकली. वेगळा स्वयंपाक नाही, वेगळी भांडी नाहीत, फक्त मीठ पडायच्या आधी काढून ठेवणं. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम होतं.

म्हणून घरगुती जेवणाच्या ठिकाणी हे सकाळीच, जमलं तर आदल्या रात्री सांगा. कोकणात अशा घरांतून जेवण आधी सांगावंच लागतं, माशांची संख्या सांगता त्याच वाक्यात हेही सांगून टाका. 'कमी मीठ' असं मोघम म्हणू नका. प्रत्येकाचं कमी वेगळं असतं. 'एका माणसाचं मीठ घालायच्या आधी काढून ठेवा, मिठाची वाटी आम्ही ताटाशी घेऊ' असं सांगितलं की गोंधळ राहत नाही. कोणासाठी ते सांगा. 'आम्हाला खारट चालत नाही' म्हटलं की समोरच्याला ती त्याच्या हाताच्या चवीवरची टीका वाटते. 'आईला बीपी आहे' म्हटलं की तोच माणूस आपलेपणाने धावतो. महाराष्ट्रात कुठेही जा, प्रत्येकाच्या घरात एक बीपीवाली आई किंवा सासू असतेच.

मोठ्या हॉटेलात वेटरला सांगून भागत नाही. तो 'हो साहेब' म्हणतो, आणि आत गर्दीत ते विसरलं जातं. ऑर्डरच्या कागदावर लिहायला लावा, आणि काय काय करता येईल हे आचाऱ्याला विचारून ये, म्हणून पाठवा. उत्तर घेऊन परत येतो तेव्हा आतल्या माणसापर्यंत निरोप पोहोचलेला असतो.

भाकरीच्या पाण्यात मीठ आहे का, भात मीठ घालून शिजवलाय का, हे विचारायला विसरू नका. भात आणि भाकरी अळणी असतील तर बाकीचं बरंच सांभाळून घेता येतं, म्हणून माझा पहिला प्रश्न याच दोघांचा असतो.

चव घेतल्याशिवाय वाढून घ्यायचं नाही

आमच्या घरात आता हा नियम आहे, आणि तो आईच्या स्वभावातूनच निघाला. ताटात पडलेलं ती टाकणार नाही, हे बदलणार नाही आणि ते बदलावं असं मला वाटतही नाही. मग ताटात पडण्याआधीच अडवायचं. सगळं एकदम मागवायचं नाही. एक भाजी, एक रस्सा आधी येऊ द्यायचा. एकाने वाटीत चमचाभर घेऊन चव बघायची आणि मगच बाकीच्यांनी वाढून घ्यायचं. ताटाची व्यवस्था असेल तर जेवायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक वाटीतलं चमच्याच्या टोकावर.

चव घेणाऱ्याने त्याआधी पापड-लोणचं खाल्लेलं नसावं. पाण्याची चूळ भरावी. वाटी ढवळून घ्यावी, वरची तर्री चाखून मिठाचा अंदाज येत नाही. वाफाळतं असेल तर थोडं निवू द्यावं, जीभ पोळली की काही कळत नाही.

खारट निघालंच, तर

दुसऱ्या घासानंतर सांगा. अर्धी वाटी संपवून तक्रार केली तर ती ऐकायला जड जातं, आणि ते रास्तही आहे. आवाज न चढवता, शक्य तर मालकाला किंवा गल्ल्यावरच्या माणसाला थेट सांगा: "भाजी फार खारट झालीय, तुम्हीच एकदा चव बघा." चव बघा म्हटल्यावर फार कमी लोक वाद घालतात. माझा अनुभव असा की बहुतेक जण बदलून देतात किंवा दुसरं काही करून देतात. आणि शेजारच्या टेबलावर तोच रस्सा जाणार असतो, त्यामुळे आपण सांगितलं तर आणखी चार जणांचं जेवण वाचतं.

आता दुरुस्तीबद्दल. इथे गैरसमज फार आहेत. आत पडलेलं मीठ बाहेर निघत नाही. बटाट्याची फोड टाकली की ती मीठ शोषते असं आपण सगळे ऐकत आलोय. बटाटा रश्श्यातलं खारट पाणी पितो, मीठ वेगळं निवडून घेत नाही. उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. साखर, लिंबू, चिंच यांनी खारटपणा जिभेला कमी जाणवतो, पण मीठ होतं तेवढंच पोटात जातं. निरोगी माणसाचं जेवण त्याने गोड होईल. बीपीच्या माणसाला मात्र ते फसवं आहे, कारण आता तो जास्त खाईल.

खरोखर काम करतात त्या दोनच गोष्टी: पातळ करून अर्धं ठेवणं, नाहीतर कमी खाणं. १.९ ग्रॅम मिठाच्या वाटीत वाटीभर बिनमिठाचं नारळाचं दूध घातलं आणि त्यातलं निम्मं खाल्लं तर एक ग्रॅमच्या आत राहिलो. दोन्ही वाट्या संपवल्या तर काहीच साधलं नाही.

कोकणात, गोव्यात माशाचं कालवण खारट असेल तर नारळाचं दूध मागा. सोलकढी होते तिथे ते असतंच, फक्त मीठ-आगळ घालायच्या आधीचं हवं. मासे रश्श्यातून उचलून, निथळून अळणी भाताबरोबर खायचे आणि रस्सा वाटीत राहू द्यायचा. भातावर ओतलेला रस्सा परत घेता येत नाही, म्हणून ओतायचाच नाही, भाताचा घास रश्श्याला टेकवून खायचा. कोल्हापुरी, खानदेशी, वऱ्हाडी रश्श्यालाही हेच लागू. तर्रीत तिखट असतं, मीठ खालच्या पाण्यात असतं, त्यामुळे तर्री बाजूला काढून मीठ कमी होत नाही.

तळलेल्या माशाचं मीठ बरंचसं बाहेरच्या रव्यात आणि मसाल्यात असतं. कुरकुरीत कवच काढून आतलं खा. जिवावर येतं, मला ठाऊक आहे, पण आतली सुरमई ताजी असेल तर लिंबू पिळून ती तशीही छान लागते. बांगड्याला चिरा पाडून मसाला आतपर्यंत भरलेला असतो, तिथे हा उपाय निम्माच चालतो.

पनीर किंवा मिक्स भाजीच्या ग्रेव्हीत साधं दही किंवा साय घालून आणायला सांगा. बिर्याणी, पुलाव खारट असेल तर तेवढाच साधा भात मागवून मिसळा आणि दोघांत वाटून घ्या. इडली-डोशाबरोबरचं सांबार खारट असेल तर ते सोडाच, ओल्या खोबऱ्याची चटणी ताजी वाटून देतात का विचारा. चायनीजच्या बाबतीत मात्र मला काही उपाय सापडला नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच दोन ग्रॅमच्या वर मीठ असतं. अजिनोमोटोला सगळे घाबरतात, पण त्यात सोडियम साध्या मिठाच्या जवळपास एक तृतीयांश असतं. खरी भर सॉस आणि वरून घातलेल्या मिठाचीच. ते परत करायचं आणि दुसरं मागवायचं.

जोडीला काय घ्यायचं तेही ठरवून ठेवा. कच्चा कांदा, काकडी, टोमॅटो, लिंबू, साधं दही, सगळं मीठ न भुरभुरलेलं. कापून आणलेल्या काकडीवर आतूनच मीठ-चाटमसाला पडून येतो, म्हणून 'नुसती' असं बजावा. ताकातही मीठ असतंच. खारट जेवणावर उतारा म्हणून लोक लिंबू सोडा मागवतात, त्यात पुन्हा मीठ आणि सोड्याचं सोडियम. साधं पाणी प्या.

जेवण झाल्यावर

खारट पोटात गेलंच असेल तर घाबरून जाण्यासारखं काही नाही. तहान लागेल तसं पाणी प्या, घटाघटा तीन लिटर पिऊन मीठ धुऊन निघत नाही. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी ते माप मोडू नये. इलेक्ट्रॉलचं पाणी याच्यावर उपाय म्हणून चुकूनही देऊ नका. जुलाब-उलट्यांसाठी ते उत्तम आहे, पण त्यातच मीठ आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे २.६ ग्रॅम, आणि सायट्रेटचं सोडियम वेगळं.

शहाळं आणि केळं चालेल, त्यात पोटॅशियम असतं. पुन्हा तोच अपवाद: मूत्रपिंडाचा आजार किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर विचारूनच. गाडीत दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा. रात्री पायाखाली उशी घ्या. पुढचं जेवण हलकं ठेवा: मऊ भात-तूप, ताजं दही, उकडलेली अंडी, फळं. आईला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगठी फिरवता येऊ लागली.

बीपी मोजायचं तर पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, दंड हृदयाच्या पातळीला. जिने चढून आल्या आल्या मोजलेल्या आकड्याने घर घाबरतं. जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा आणि आपल्या डॉक्टरांना फोन करा, मनाने जादा गोळी देऊ नका. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, अंधारी, तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही असेल तर वाट बघू नका, १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कुठे आहे हे मी आता समुद्र बघायला जायच्या आधी विचारतो.

याची उलट बाजूही सांगतो. भीतीपोटी एकदम अळणी सुरू करू नका. लघवीच्या गोळीवर असलेल्या काही ज्येष्ठांचं सोडियम आधीच कमी असतं, त्यांना गुंगी येते, तोल जातो. त्यांचं माप डॉक्टरच ठरवणार. वर्षाच्या आतल्या बाळासाठी मात्र हॉटेलातली खिचडी-वरण नकोच. त्यांच्या जेवणात वरून मीठ घालू नये, एवढं मीठ बाहेर टाकण्याइतकी त्यांची मूत्रपिंडं तयार नसतात. बाळाचं वरण फोडणी-मिठाच्या आधी काढून द्या म्हणावं, नाहीतर केळं आणि किटलीत उकडलेला बटाटा.

परदेशी सहलीला जाणाऱ्या आई-बाबांसाठी दोनच गोष्टी. विमानतळावरचं तयार सूप आणि कपातल्या नूडल्स ही सगळी जुनी मिठं, ती टाळा. आणि 'मीठ कमी, सॉस वेगळ्या वाटीत' हे तिथल्या भाषेत कागदावर लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा. जपानमध्ये रामेनचं सूप वाडग्यात मागे ठेवलं तरी कोणी वाईट मानत नाही, हे आईसारख्या माणसांना आधी सांगितलेलं बरं, नाहीतर त्या ते संपवतील.

परतताना

कोकणातून कोणी रिकाम्या हाताने येत नाही. सुकी मासळी, आगळ, पापड, लोणची, सगळी डिकीत भरली जातात. आणावीत, पण घरी वापरताना रीत ठेवावी. सुके बोंबील, सुरमईचं खारं कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून ते पाणी फेकायचं, मग दोन पाण्यांनी चोळून धुवायचं, आणि भाजीत मीठ घालायच्या आधी चव बघायची. बऱ्याचदा घालावंच लागत नाही. आगळ वापरलं तर कढीत वेगळं मीठ नाही.

आल्यावर दोन-चार दिवस घरचं जेवण अळणी लागतं. आठवडाभर हॉटेलचं खाऊन जीभ त्या चवीला सरावलेली असते. बाबा पहिल्याच दिवशी मिठाची वाटी जवळ ओढतात. आम्ही ती टेबलावरून उचलून ओट्यावर ठेवली आहे आणि तिच्या जागी लिंबाच्या फोडी आणि ओल्या खोबऱ्याची बिनमिठाची चटणी. काकींनी आईला पाट्यावर बसवून शिकवली होती ती: खोबरं, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर आणि एक सोल.